२०१६ चा उन्हाळा: धरणात पाणी नव्हतं, पण सैराट होता

भीमाकाठचा

२९ एप्रिल २०१६ ला सैराट लागला, म्हणजे दहा वर्षं झाली. गेल्या वर्षी मार्चमध्ये तो थेटरात परत लावला तेव्हा इथं परीक्षणांचा पूर आला होता. सिनेमा चांगला का वाईट, शेवट तसा हवा होता का, यावर बोलून झालंय. मला बोलायचंय त्या उन्हाळ्याबद्दल. तो अनुभवलेले इथं बरेच असतील.

मी करमाळा तालुक्यातला. तेव्हा मामाच्या मोबाइलच्या दुकानात बसायचो. दुकान म्हणजे फाट्यावरचा पत्र्याचा गाळा. रिचार्ज, कव्हर, चार्जर, आणि खरा धंदा मेमरी कार्ड भरून द्यायचा. चार जीबीचं कार्ड, वीस रुपयात गाणी फुल्ल. कॉम्प्युटरवर फोल्डर लावून ठेवलेले असायचे: भक्तीगीत, लावणी, जुनी हिंदी, आनंद शिंदे, डीजे रिमिक्स. गिऱ्हाईक फोल्डरकडं बोट करायचं, आम्ही ओढून टाकायचो. म्हातारी माणसं फक्त कार्ड पुढं करायची आणि म्हणायची, "भजनं टाक, वर काय राहतंय ते पोराला इचार."

त्या वर्षी फेब्रुवारीपर्यंत पोश्टर गर्लमधलं डीजेचं गाणं चालू होतं. लग्नाला तेच, हळदीला तेच. मग सिनेमा यायच्या आधीच सैराटची गाणी आली. चारच गाणी. मामानं वेगळा फोल्डर केला आणि पंधरा दिवसांत बाकीचे फोल्डर कुणी उघडेना. लोक सांगायला लागले, "तेवढी चारच टाक." चार गाण्यांचे वीस रुपये कसे घ्यायचे? मामानं दहा केले. मग तीच चार गाणी भरून जागा उरते म्हणून लोक ती दोन-दोनदा टाकून घ्यायला लागले. हे खरंय, हसू नका. एक संपलं की पुढचं बटण दाबायला लागू नये म्हणून.

नेट तेव्हा असं नव्हतं. एक जीबीला अडीचशेच्या आसपास मोजायला लागायचे, आणि मोजूनही आमच्याकडं रेंज कुठं होती? गाणं यायचं ते कुणाच्या तरी खिशातून. ब्लूटूथ, शेअरइट, नाहीतर कार्ड रीडर. सप्टेंबरात जिओ आलं आणि दिवाळीपर्यंत कार्ड भरायचा धंदा बसला. मामानं पुढं गाळ्यात झेरॉक्स टाकली.

म्हणून माझं म्हणणं असं की हातोहात फिरून गावोगाव पोचलेलं आपल्याकडचं हे शेवटचं मोठं गाणं. त्यानंतर हिट झाली नाहीत असं नाही. पण ती टॉवरवरून आली. तुमच्याकडं त्या उन्हाळ्यात काय चाललं होतं ते लिहा.

बोरीबंदर

पायरसी म्हणतात त्याला. आठवणींचा कढ काढण्यासारखं त्यात काय आहे?

भीमाकाठचा

होय, पायरसीच. पण फाट्यावर सीडीचं दुकान नव्हतं, आणि असतं तरी सीडी लावायची कशात? ट्रॅक्टरच्या टेपला पेन ड्राइव्हचं भोक होतं, सीडीचं नव्हतं. गाणी फुकट ऐकलेल्या त्याच लोकांनी पुढं टेम्पो भरून तालुक्याला जाऊन तिकीट काढलं. सिनेमा शंभर कोटींच्या घरात गेला तो काय फक्त पुण्या-मुंबईच्या जोरावर? मराठीत तोवर कुणाला ते जमलं नव्हतं.

लातूरकर

आमचा तो उन्हाळा म्हणजे घागरी. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांपाशी गर्दी होऊ नये म्हणून १४४ कलम लावलं होतं, आठवतंय का कुणाला? मिरजेहून जलदूत निघाली आणि १२ एप्रिलला पहाटे लातुरात आली. दहा वाघिणी, पाचेक लाख लिटर पाणी. स्टेशनावर हार-नारळ घेऊन पुढारी. आम्ही घरचे सगळे पहाटे उठून नुसती रेल्वे बघायला गेलो. पाणी बघायला रेल्वे स्टेशनावर जायचं, असं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

नंतर गल्लीत टँकर यायचा तेव्हा हॉर्नच्या आधी झिंगाट ऐकू यायचं. ड्रायव्हरनं केबिनच्या वर भोंगा बसवला होता. दुपारी झोपलेली माणसं त्या गाण्यानं उठून घागरी घेऊन पळायची. आमची आई अजून ते गाणं लागलं की म्हणते, "टँकर आला." तिला सिनेमातलं एक पात्र सांगता यायचं नाही, पण गाणं पाठ आहे.

आणि थेटरात काय झालं सांगतो. परश्या पळत येतो आणि काठोकाठ भरलेल्या विहिरीत उडी मारतो. आमच्या शोला शिट्ट्या वाजल्या त्या उडीला नाही. शेजारचा माणूस मोठ्यानं म्हणाला, "आयला, पाणी बघ की किती हाय!" सगळं थेटर हसलं. आम्ही तेव्हा दहा-दहा दिवस नळाची वाट बघत होतो.

भीमाकाठचा

ह्याला म्हणतात आठवण. आमच्याकडं उजनी उणे पातळीत गेली होती. धरण असं आटलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं. लोक देऊळ बघायला गाड्या काढून जायचे आणि त्या गाड्यांतनं याड लागलं वाजायचं.

क्लॅरोनेटवाला

मी इथं फक्त वाचायला येतो, पण ह्या विषयावर लिहिल्याशिवाय राहवेना. आमचा ब्रास बँड आहे, आजोबांपासून. पंढरपूर, सांगोला, मंगळवेढा, जत हा आमचा पट्टा.

दुष्काळात लग्नं कमी होतात असं लोकांना वाटतं. लग्नं तेवढीच होतात, खर्च कमी होतो. डीजे रद्द करून लोक बँडकडं आले, म्हणून आमचा सीझन वाईट गेला नाही. पण त्या वर्षी सुपारी द्यायला आलेला माणूस पैशाच्या आधी एकच विचारायचा, "सैराट बसवलंय का?"

आमच्यात कागदावर नोटेशन कुणी लिहीत नाही. गाणं मोबाइलवर लावायचं, मास्तर तोंडानं सूर सांगणार, मग क्लॅरोनेटवर बसवायचं, मग ट्रंपेटवाले. झिंगाट एका दुपारीत बसलं. ते बँडचंच गाणं आहे हो. अजय-अतुल जुन्नर, शिरूर, राजगुरुनगर अशा गावांत वाढलेले. वरातीत काय वाजतं आणि माणूस कशावर उडी मारतो हे त्यांना कुणी शिकवायला नको. त्यात तोंडं मोजून ठेवल्यासारखी आहेत. कुठं ट्रंपेटनं ओरडायचं, कुठं नुसती हलगी सोडायची, सगळं आधीच ठरलेलं. आम्ही फक्त आमच्या पट्टीत आणलं.

रडवलं ते याड लागलंनं. त्याच्या सुरुवातीला आणि मधल्या जागांत ते व्हायोलिनचे थवे आहेत ना, ते हॉलिवूडमध्ये सोनीच्या स्टुडिओत मोठा सिंफनी ऑर्केस्ट्रा बसवून रेकॉर्ड केलेले. आमच्याकडं अकरा माणसं, त्यातले दोघं लायटिंगचा गाडा ढकलणारे. कॅसिओवर स्ट्रिंगचा आवाज लावून बघितला, तर दवाखान्यातल्या लिफ्टसारखं वाजायला लागलं. शेवटी मास्तर म्हणाले, मधलं संगीत सोडा. तिथं नुसता ढोल खाली घ्या, झांज बंद, आणि चार मात्रा काही वाजवू नका. लोकांच्या डोक्यात ते व्हायोलिन वाजतंय, त्यांना ऐकू येतंच. आणि खरंच, ती जागा आली की परण्यातली पोरं तोंडानं ते म्युझिक म्हणायची! आम्ही गप्प उभे आणि वरात वाजवतेय. माझ्या उभ्या आयुष्यात असं दुसऱ्या कुठल्या गाण्याला झालेलं नाही.

सैराट झालं जी मूळ अजय आणि चिन्मयीनं म्हटलंय. आम्ही त्याचं क्लॅरोनेट आणि ट्रंपेट असं केलं. बाईचा आवाज क्लॅरोनेटला. नवरी मांडवात येताना तेच मागायचे. श्रेया घोषालचं आताच बया मात्र बँडला झेपत नाही, त्याच्या हरकती रस्त्यावर मरतात. ते आम्ही कधी घेतलंच नाही.

मुक्ता

क्लॅरोनेटवाले काका, हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून टाका. चार मात्रा गप्प राहायचं, हे वाचून काटा आला.

तिरकस

सगळे गोड गोड लिहिताहेत म्हणून थोडं कडू.

आंतरजातीय प्रेम केलं म्हणून पोरा-पोरीला मारून टाकतात, असा सिनेमा. आणि त्या उन्हाळ्यात त्यातलं सगळ्यात गाजलेलं काय? वाढदिवसाच्या मांडवात नाचायचं गाणं. झिंगाटवर मी ज्यांना नाचताना पाहिलं त्यांत आर्चीच्या भावाच्या पंगतीत शोभतील असे कितीतरी होते. स्वतःच्या बहिणीला मोबाइल न देणारे. त्यांना सिनेमा कळला नाही असं मी म्हणत नाही. कळला, आणि गाणं तेवढं सोलून घेतलं. तुमचं ते 'हातोहात फिरलेलं गाणं' असं फिरलं, सिनेमा मागं ठेवून.

पुढं जुलैत कोपर्डी झालं, ऑगस्टपासून मोर्चे निघाले, आणि सैराटवर बोलायचा सूरच पालटला. उन्हाळ्यात ज्याला डोक्यावर घेतलं त्याच्यावर पावसाळ्यात खापर फोडणारेही पाहिले.

भीमाकाठचा

तिरकसराव, नाचणाऱ्यांबद्दल तुमचं बरोबर आहे. मी कार्ड भरून दिलेल्यांतही ते होते. पण गाणं सिनेमाला मागं ठेवून गेलं हे पटत नाही. चारच गाणी, आणि चारही पहिल्या अर्ध्या भागात. नंतर गाणं नाही. दिग्दर्शकानं ते तसंच मांडलंय: आधी नाचवायचं, मग जे दाखवायचं ते दाखवायचं. नाचलेला माणूसच थेटरात गेला. नुसता गंभीर सिनेमा असता तर आमच्या फाट्यावरून टेम्पो निघाला असता का? फँड्रीला निघाला नव्हता.

तिरकस

टेम्पोचा मुद्दा मान्य. बाकीचा नाही.

व्यवस्थापन

कोपर्डी आणि मोर्चांवर वेगळे धागे आहेत. त्यावरची चर्चा तिकडे.

डोअरकीपर

थेटरातली बाजू मी सांगतो. आमचं सिंगल स्क्रीन, जिल्ह्याच्या गावापासून लांब. त्या आधीची दोन वर्षं इतकी मंदी होती की मालक गोडाऊन करायच्या विचारात होते. सैराटच्या दुसऱ्या आठवड्यात तिकिटाच्या खिडकीची जाळी वाकली. सायकल स्टँडवाल्यानं ट्रॅक्टर लावायला शेजारचं रान भाड्यानं घेतलं.

साताऱ्याकडं रहिमतपूरला रात्री बारा आणि पहाटे तीनचे शो लागल्याची बातमी आली होती. शहरातल्या लोकांना गंमत वाटली. आम्हाला अजिबात नाही. सिनेमा जवळजवळ तीन तासांचा. दिवसभर ऊन असं की पत्र्याखाली माणूस बसेना, आणि पाण्याचा टँकर, लग्न, बाजार सगळं दिवसा. बाया-माणसांना जेवणं उरकून रात्रीच वेळ. बाराला बसले तर तीनला सुटतात, तीनला बसले तर सहाला, मग थेट धारा काढायला घरी.

पण खरी गोष्ट शेवटाची. ज्यांनी पाहिला नाही त्यांनी पुढचं वाचू नका (कोण राहिलंय म्हणा). शेवटी त्या लहान पोराच्या सीनला आवाज पूर्ण बंद होतो. पहिल्या दिवशी पहिल्या शोला लोकांना वाटलं साउंड गेला. मागं वळून केबिनकडं शिट्ट्या, "ए आवाज!" ऑपरेटर घाबरला, त्यानं अँप्लिफायरची बटणं फिरवली. मग पडद्यावर काय चाललंय ते एकेकाला कळत गेलं आणि शिट्ट्या पुढच्या रांगेकडून मागं अशा बंद होत आल्या. दिवे लावले तरी कुणी उठेना. झाडूवाल्या मावशी दारात झाडू घेऊन उभ्या.

दुसऱ्या शोपासून ऑपरेटर केबिनच्या भोकातून हातानं खूण करायचा की आवाज आहे, गप बसा. आठवड्यानं त्याची गरज पडेना, बाहेर पडणारे आत जाणाऱ्यांना सांगून ठेवायचे.

अकलूजची_लेक

मी त्या वर्षी बारावी दिली होती. रिंकू आमच्या गावची, माझ्यापेक्षा लहान. मार्चअखेर राष्ट्रीय पुरस्कारांत तिचा विशेष उल्लेख जाहीर झाला तेव्हा सिनेमा यायला अजून महिना होता. पेपरात फोटो, आणि गावात सगळे एकमेकांना विचारतात, कुणाची पोरगी? सिनेमा आल्यावर तर अकलूजला बाहेरगावच्या गाड्या यायला लागल्या. लोक पत्ता विचारायचे. आधी सांगायचो, नंतर गल्लीतली पोरंच 'इथं कुणी राहत नाही' म्हणून वाटेला लावायची.

मुलींचं काय झालं ते कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, इंग्लिशमध्ये सांगू का विचारते. हे आमच्या भागाला फार नवं होतं असं नाही. ट्रॅक्टर चालवणाऱ्या बायका मी पाहिल्यात, माझी चुलतीच चालवते. पण पडद्यावर तशी पोरगी, आमच्या बोलीत बोलणारी, सावळी, हे पहिल्यांदा. मी मे महिन्यात वडिलांच्या मागं लागून गाडी शिकले. आजी म्हणायची, "आर्ची झालीस काय?" पहिल्या आठवड्यात ते कौतुक होतं. जूनपर्यंत तेच वाक्य दटावणी झालं. ओढणी नीट नाही, आर्ची झालीस काय. फोनवर हसतेस, आर्ची झालीस काय. कॉलेजचा फॉर्म भरायला जाताना सोबत भाऊ द्यायला लागले, तो माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान.

म्हणून तिरकस म्हणतात ते मला थोडं पटतं आणि भीमाकाठचा म्हणतात तेही. त्याच भावानं मला गुपचूप ती चार गाणी ब्लूटूथनं दिली होती. गाडी मी अजून चालवते.

शारजा_९८

उन्हाळा म्हणाल तर १९९८ चा. २२ एप्रिलला वाळूचं वादळ, सचिन १४३. २४ ला त्याचा वाढदिवस, फायनल, १३४. मे महिन्यात पोखरण. जूनमध्ये गुलाम, जुलैत सत्या. बाकी सगळे उन्हाळे त्याच्यापुढं फिके.

मुक्ता

काका, त्यासाठी वेगळा धागा काढा, मी येते. पण क्रिकेटचा विषय निघालाच आहे तर २०१६ मध्ये आयपीएल महाराष्ट्राबाहेर गेली होती हे विसरलात? दुष्काळात मैदानांना पाणी कसलं घालता म्हणून उच्च न्यायालयानं ३० एप्रिलनंतरचे सामने हलवायला सांगितले. पुणे-मुंबईचा १ मेचा सामना तेवढा गहुंज्याला होऊ दिला. फायनल मुंबईहून बंगळुरूला गेली. कोहलीनं त्या मोसमात ९७३ धावा केल्या आणि तरी फायनल हरला.

भीमाकाठचा

बरोबर. आणि सैराट सुरू होतो तोच मुळी गावातल्या क्रिकेटच्या सामन्यानं, माइकवरच्या त्या भन्नाट कॉमेंट्रीसकट. खरी आयपीएल गेली आणि बिटरगावची राहिली, असं आमचे मास्तर म्हणायचे.

राइन_ते_नीरा

मी २०१६ मध्ये जर्मनीत शिकत होतो. फेब्रुवारीत बर्लिनच्या महोत्सवात सैराट होता, जनरेशन १४ प्लस विभागात. मराठी सिनेमा म्हणून आम्ही चौघं रात्रभराच्या बसनं गेलो. गाणी अजून कुणी ऐकली नव्हती, आम्हीही नाही. शाळकरी जर्मन पोरं खाली वाचत सिनेमा बघत होती. झिंगाटला कुणी नाचलं नाही, कुणी शिट्टी मारली नाही. पण शेवटाला आवाज बंद झाला तेव्हा एकानंही मागं वळून पाहिलं नाही. त्यांना तो सिनेमाचाच भाग वाटला.

मे महिन्यात आईशी बोलताना तिच्या मागं कुठंतरी याड लागलं वाजत होतं. म्हटलं, हे तुझ्यापर्यंत कसं पोचलं? ती म्हणाली, दूधवाल्याच्या गाडीवर असतं. मला जरा रागच आला. गाणं आधी मी ऐकलं होतं ना! डोअरकीपर यांनी लिहिलेला तो पहिला शो मला बघायला मिळाला असता तर बर्लिनचं तिकीट देऊन टाकलं असतं.

बोरीबंदर

मुंबईचं सांगतो. आमच्याकडं ते गाणं खरं पेटलं गणपतीत. २०१६ ची चतुर्थी ५ सप्टेंबरला होती आणि जिओ सुरू झालं तेही त्याच दिवशी. मंडळातली पोरं एका हातानं ढोल वाजवताहेत आणि दुसऱ्या हातात सिमसाठी आधार कार्डाची झेरॉक्स, असं चित्र होतं. भीमाकाठचा, तुमच्या मामाचा धंदा त्या दिवशी बसला म्हणा.

भीमाकाठचा

आणि झेरॉक्सचा चालू झाला.

मुक्ता

क्लॅरोनेटवाले काका, एक विचारायचं राहिलं. दहा वर्षांनी अजून मागतात का? की आता नवीन रील्सवालीच चालतात?

क्लॅरोनेटवाला

मागतात. नवीन गाण्यांचं असं झालंय की एक सीझन वाजवायचं आणि पुढच्या सीझनला बसवलेलं फुकट. सैराट विसरता येत नाही. याड लागलं आता कमी झालं, ते वय झालेल्या मित्रमंडळींत मागतात. झिंगाट मात्र ठरलेलं आहे. सुपारी घेतानाच सांगतो: एकदा परण्याला मारुतीच्या देवळापाशी, एकदा वरातीत. तिसऱ्यांदा म्हणाला तर पाचशे जादा, कारण ट्रंपेटवाल्याचे ओठ सुजतात. तिसऱ्यांदा म्हणतातच.